तंत्रज्ञांची नोकरी : तेजींतील पेरणी आणि मंदींतील कापणी



दरवर्षीं जून महिना आला कीं आपल्या चंद्रपूर व गडचिरोली भागांतील पुष्कळशा घरांतून एकाच प्रश्नाची चर्चा सुरू होते. मुलगा अथवा मुलगी दहावी किंवा बारावी झालेली असते, गुणपत्रिका हातांत आलेली असते, आणि आईबाप, मामा, शेजारी असे सगळे मिळून विचार करीत असतात कीं, पोराला आतां कोणत्या शाखेंत घालावें. माझ्यासारख्या निवृत्त शिक्षकाकडेहि या दिवसांत माणसें येतात आणि विचारतात, "गुरुजी, सध्यां कशाला मागणी आहे?" प्रश्न अगदीं स्वाभाविक आहे. परंतु त्यांतील 'सध्यां' हा शब्द मोठा फसवा आहे. तो कसा फसवितो, आणि त्याऐवजी काय विचारावें, हें सांगण्याचा आजच्या भाषणांत माझा हेतु आहे.

प्रथम 'तंत्रज्ञ' या शब्दाचा अर्थ ठरवून घेऊं. तंत्रज्ञ म्हटलें कीं हल्लीं संगणकासमोर बसलेला तरुण डोळ्यांपुढें येतो. आपल्या भागांत मात्र या शब्दाची व्याप्ति मोठी आहे. दुर्गापूरच्या वीजकेंद्रांत बॉयलर सांभाळणारा, माजरीच्या खाणींत डंपर दुरुस्त करणारा, गडचांदूरच्या सिमेंट कारखान्यांत भट्टीच्या उपकरणांवर नजर ठेवणारा, गांवोगांव ट्रान्सफॉर्मर बसविणारा वायरमन, खाणीचें मोजमाप करणारा सर्व्हेयर, हे सर्व तंत्रज्ञच होत. त्यांच्यांत पदवीधर आहेत, पदविकाधारक आहेत, तसेच आय. टी. आय. मधून फिटर किंवा इलेक्ट्रिशियन होऊन आलेलेहि आहेत. यांपैकीं कोणाला केव्हां नोकरी मिळते व केव्हां मिळत नाहीं, याला कांहीं नियम आहेत. ते समजले तर निर्णय घेणें सोपें जाईल असें नाहीं. परंतु फसगत पुष्कळ कमी होईल.

शेतकऱ्याच्या घरांत हा नियम वेगळा शिकवावा लागत नाहीं. एखाद्या वर्षीं कापसाला किंवा सोयाबीनला चांगला भाव मिळाला कीं पुढच्या वर्षीं जो तो तेंच पीक पेरतो. पीक बाजारांत येतें त्या वेळीं गाड्यांची रांग लागते आणि भाव कोसळतो. मग निराश होऊन लोक तें पीक सोडतात, आणि माल कमी झाल्यानें भाव पुन्हां चढतो. विदर्भानें याचा सर्वांत मोठा धडा दीडशें वर्षांपूर्वीं घेतला आहे. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें, तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, आणि हिंगणघाटच्या व वऱ्हाडच्या कापसाला न भूतो असा भाव आला. युद्ध संपलें आणि भाव उतरला. ज्यांनीं त्या भावावर विसंबून कर्जें काढलीं, त्यांच्या कर्जाचा आंकडा मात्र उतरला नाहीं. युद्ध अमेरिकेंत, पेठ इंग्लंडांत आणि कर्ज आपल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर, असा तो प्रकार होता. हें उदाहरण ध्यानांत ठेवावें. पुढें त्याची आठवण पुन्हां होणार आहे.

तंत्रज्ञांच्या नोकऱ्यांचा बाजार याच नियमानें चालतो. फरक इतकाच कीं, कापसाचें पीक सहा महिन्यांत हातीं येतें, तर इंजिनियरचें पीक यावयास चार वर्षें लागतात. हार्वर्ड विद्यापीठांतील रिचर्ड फ्रीमन नांवाच्या अर्थशास्त्रज्ञानें १९७६ मध्यें अमेरिकेंतील इंजिनियरांचा अभ्यास करून हें दाखवून दिलें. पगार वाढले कीं महाविद्यालयांत गर्दी होते. ती गर्दी चार वर्षांनीं एकदम बाहेर पडते आणि पगार खालीं ओढते. मग प्रवेश घटतात, आणि आणखी चार वर्षांनीं माणसांची टंचाई होऊन पगार पुन्हां चढतात. कोळी जाळें विणतांना जसा फिरत फिरत जातो, तशी या चढउताराची आकृति कागदावर दिसते, म्हणून अर्थशास्त्रांत तिला कोळ्याच्या जाळ्याचेंच नांव आहे. या जाळ्यांत सांपडणारा माणूस मूर्ख असतो असें नाहीं. तो फक्त आजचा भाव पाहून चार वर्षांनंतरच्या बाजारासाठीं पेरणी करीत असतो, आणि त्याच वेळीं लाखो घरें तेंच करीत आहेत हें त्याला दिसत नसतें.

आतां आपल्या देशांतील संगणकक्षेत्राचा अलीकडचा इतिहास या दृष्टीनें पाहूं. २०२० च्या साथीनंतर जगांतील व्यापार घरबसल्या चालूं लागला आणि सॉफ्टवेअरच्या कामाला एकाएकीं पूर आला. २०२१-२२ या एका आर्थिक वर्षांत टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस या कंपनीच्या नोकरवर्गांत एक लाखाहून अधिक माणसांची निव्वळ भर पडली. इन्फोसिसनेंहि त्याच वर्षीं ५४ हजारांच्या वर माणसें वाढविलीं. त्या काळांत नागपूरच्या मिहानपासून पुण्या-हैदराबादपर्यंत आपल्या भागांतील मुलें भराभर नोकरीस लागलीं. बल्लारशाहून हैदराबादकडे जाणाऱ्या गाडींत आपल्याच गांवचा एखादा तरुण भेटावा, असे ते दिवस होते. गांवांत ही बातमी पोंचली, आणि पुढच्या प्रवेशांच्या वेळीं संगणकशाखेपुढें रांगा लागल्या. महाविद्यालयांनींहि जागा वाढविल्या. २०२४-२५ पासून तर चांगल्या गणल्या गेलेल्या संस्थांच्या बाबतींत एका शाखेंतील जागांवरची मर्यादाच अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेनें काढून टाकली.

आणि पीक बाजारांत यावयाच्या आधींच भाव फिरला. २०२३-२४ या वर्षांत टाटा कन्सल्टन्सीचा नोकरवर्ग १३,२४९ नें घटला, इन्फोसिसचा २५,९९४ नें व विप्रोचा २४,५१६ नें. म्हणजे तीन मोठ्या कंपन्या मिळून एका वर्षांत ६३ हजारांहून अधिक माणसें कमी झालीं. पुढच्या वर्षीं पहिल्या दोन कंपन्यांत कांहीं हजारांची भर पडली खरी, परंतु २०२२ ची ती धांव परत आली नाहीं. आणि जुलै २०२५ मध्यें टाटा कन्सल्टन्सीनें सुमारें १२ हजार, बहुतेक मधल्या व वरच्या फळींतील, माणसें कमी करण्याचें जाहीर केलें. २०१८ मध्यें कोणताहि विशेष गाजावाजा नसतांना ज्या मुलानें प्रवेश घेतला, तो २०२२ मध्यें तेजीच्या ऐन शिखरावर बाहेर पडला. २०२२ ची तेजी पाहून ज्यानें प्रवेश घेतला, त्याला २०२६ चा बाजार वांट्याला आला. पहिला अधिक हुशार होता आणि दुसरा मठ्ठ, असें म्हणणें हा दुसऱ्यावर अन्याय होईल.

हा भाव कां फिरला? येथें कापसाची गोष्ट आठवावी. आपल्या सॉफ्टवेअर कंपन्यांचें मोठें गिऱ्हाईक अमेरिकेंत आहे. मार्च २०२२ मध्यें तेथील मध्यवर्ती बँकेचा व्याजाचा दर जवळजवळ शून्य होता; महागाई आटोक्यांत आणण्यासाठीं तो वाढवीत वाढवीत जुलै २०२३ पर्यंत सव्वापांच ते साडेपांच टक्क्यांवर नेण्यांत आला. पैसा महाग झाला कीं तेथील बँका, दुकानें, विमा कंपन्या नवीं कामें पुढें ढकलतात. नवें काम थांबलें कीं इकडची कंपनी नवी भरती थांबविते. अशा रीतीनें वॉशिंग्टनमध्यें वाढलेल्या व्याजाचा परिणाम ब्रह्मपुरीच्या एखाद्या घरांत नेमणूकपत्राची वाट पाहणाऱ्या मुलीपर्यंत येऊन पोंचतो. तिच्या अभ्यासाचा किंवा बुद्धीचा या सर्व प्रकाराशीं काडीइतकाहि संबंध नसतो.

मंदीचा पहिला घाव नवशिक्यांवरच कां पडतो, हेंहि समजून घेण्यासारखें आहे. या कंपन्यांची रचना मनोऱ्यासारखी असते: तळाशीं पुष्कळ नवीं मुलें, वर थोडीं अनुभवी माणसें. काम वाढेल या अपेक्षेनें तळाचीं माणसें आगाऊ घेऊन, शिकवून, कांहीं काळ रिकामीं ठेवलेलीं असतात. काम वाढलें नाहीं तर अनुभवी माणसाला काढण्यापेक्षां नव्याला न घेणें हें कंपनीला सर्वांत सोपें असतें; त्यांत कोणाला काढल्याची ओरडहि होत नाहीं. म्हणूनच २०२२ नंतर कांहीं कंपन्यांनीं निवडीचीं पत्रें दिलेल्या मुलांना रुजू होण्याची तारीख महिनोन्महिने दिली नाहीं. त्यांत नोव्हेंबर २०२२ पासून कृत्रिम बुद्धिमत्तेचीं नवीं साधनें सर्वांच्या हातीं आलीं आहेत. लहान लहान आज्ञावली लिहिणें, त्या तपासणें, दोष नोंदविणें, हीं जीं नवशिक्यांचीं कामें, त्यांतील बराच भाग हीं साधनें करूं लागलीं आहेत. वरच्या पायऱ्या शाबूत आहेत, परंतु जिच्यावर प्रथम पाय ठेवावयाचा ती खालची पायरीच झिजत चालली आहे.

कोणी म्हणेल, "संगणकाचें असूं द्या, आपल्या जिल्ह्यांत कोळसा आहे, वीज आहे, सिमेंट आहे. येथील यंत्रांना माणसें लागणारच." हें म्हणणें अर्धें खरें आहे, आणि अर्धें खरें असल्यामुळेंच तपासून पाहिलें पाहिजे.

आपल्या भागांत औद्योगिक कामाच्या लाटा दीडशें वर्षें येत आहेत. वरोऱ्याची कोळशाची खाण १८७१ च्या सुमारास सुरू झाली. तिच्यासाठीं वर्ध्याहून वरोऱ्यापर्यंत रेल्वे आली. आणि १९०६ मध्यें ती खाण बंदहि झाली. त्याच सुमारास बल्लारपूरची खाण पुढें आली. १९४५ मध्यें बल्लारपूरच्या कागद गिरणीची कंपनी स्थापन झाली. १९७३ मध्यें कोळसाखाणींचें राष्ट्रीयीकरण झालें आणि १९७५ पासून वेस्टर्न कोलफील्ड्स ही नागपूरची सरकारी कंपनी येथील खाणी चालवूं लागली. १९८३ मध्यें दुर्गापूरच्या औष्णिक वीजकेंद्राचा पहिला संच सुरू झाला. त्याच दशकांत कोरपना व राजुरा भागांतील चुनखडीवर सिमेंटचे मोठे कारखाने उभे राहिले, आणि १९८३ पासूनच राज्यांत खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी मिळूं लागली. माझ्या पिढींतील पुष्कळांनीं यांपैकींच एखाद्या ठिकाणीं उमेदवारी केली आणि तेथेंच ते निवृत्त झाले. त्यांना राहावयास घर, दवाखाना, मुलांना शाळा व म्हातारपणीं निवृत्तिवेतन मिळालें. आजच्या पालकाच्या मनांत 'कारखान्यांतील नोकरी' म्हणून जें चित्र आहे, तें त्या काळचें आहे.

तें चित्र आतां कितपत खरें आहे? कोल इंडिया या सरकारी कंपनीचे आंकडे बोलके आहेत. आपली वेस्टर्न कोलफील्ड्स तिचाच भाग आहे. १९७५ मध्यें, स्थापनेच्या वर्षीं, कोल इंडियाचें उत्पादन सुमारें ७ कोटी ९० लाख टन होतें व नोकरवर्ग सहा लाखांहून अधिक होता. २०२३-२४ मध्यें उत्पादन ७७ कोटी टनांवर गेलें, आणि कायम नोकरवर्ग सव्वादोन लाखांच्या आसपास उरला. म्हणजे कोळसा जवळजवळ दसपट झाला आणि कायम माणसें तिसऱ्या हिश्श्यावर आलीं. याचें कारण उघड आहे. भुयारी खाणींत कुदळ-फावड्यानें काम करणाऱ्या टोळ्यांच्या जागीं उघड्या खाणी आल्या, प्रचंड शॉव्हेल व डंपर आले, आणि माती हलविण्याचें व वाहतुकीचें काम ठेकेदारांकडे गेलें. वीजकेंद्राचीहि तीच गोष्ट. दुर्गापूरचे २१० मेगावॅटचे पहिले दोन संच बंद झाले, ५०० मेगावॅटचे नवे दोन आले, आणि केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट झाली. परंतु मोठ्या संचाला मेगावॅटमागें माणसें कमी लागतात. धुराडीं उंच झालीं म्हणून हजेरीपटहि लांबला, असें होत नाहीं.

मग ठेकेदाराकडे गेलेलें काम नाहींसें झालें काय? नाहीं. फिटर, वेल्डर, डंपरचालक, इलेक्ट्रिशियन यांची गरज आहेच. परंतु कायम नोकर आणि ठेक्यावरचा माणूस एकाच यंत्रावर शेजारीं शेजारीं उभे असतांनाहि त्यांचे पगार, रजा व भविष्य यांत जमीनअस्मानाचें अंतर असतें. हा प्रश्न इतका जुना आहे कीं, १९७० मध्यें कंत्राटी कामगारांसाठीं देशाला स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्यें त्याच्या जागीं नवी कामगार संहिता अमलांत आली. म्हणून "अमुक कारखान्यांत भरती आहे" असें कानीं आलें कीं, किती जागा हें विचारण्यापूर्वीं, नेमणूकपत्रावर कोणाची सही आहे, कंपनीची कीं ठेकेदाराची, हें विचारावें. भविष्यनिर्वाह निधीच्या खात्याचा क्रमांक मिळतो कीं नाहीं, हेंहि विचारावें. सुशिक्षित घरांतहि हे प्रश्न विचारावयाचा संकोच वाटतो. तो बाळगूं नये.

गडचिरोलींत सध्यां एक नवी लाट उठत आहे. २६ ऑगस्ट १९८२ रोजीं चंद्रपुरांतून वेगळा झालेला हा जिल्हा मुख्यतः अरण्याचा. धानाच्या बांध्या, तेंदूपत्ता व बांबू यांवर येथील माणूस जगत आला. एटापल्ली तालुक्यांत सुरजागडच्या डोंगरावर लोहखनिज आहे, हें पुष्कळ दिवसांपासून ठाऊक होतें. २०२१ पासून तेथें सातत्यानें उत्खनन सुरू झालें, २०२३ मध्यें वार्षिक उत्खननाची मर्यादा ३० लाख टनांवरून एक कोटी टनांपर्यंत वाढली, आणि चामोर्शी तालुक्यांतील कोनसरी येथें लोखंडाचा कारखाना उभा राहिला. जंगलाचें व तेथील गावांचें काय होणार, हा स्वतंत्र व गंभीर विषय आहे. आजच्या विषयापुरतें इतकेंच सांगतों कीं, या लाटेमागें धांवतांनाहि पेरणीचा तोच नियम लागू आहे. कारखाना बांधला जात असतांना गवंडी, वेल्डर, क्रेनचालक यांना जी मागणी येते, ती बांधकाम संपलें कीं ओसरते. कारखाना चालूं लागल्यावर जी माणसें लागतात तीं थोडीं आणि निराळ्या शिक्षणाचीं असतात: भट्टी, विद्युत्, उपकरणें, रसायन-तपासणी या कामांचीं. स्थानिक मुलें या दुसऱ्या यादींत बसावयास हवीं असतील, तर त्यांची तयारी बांधकामाच्या काळांतच व्हावयास पाहिजे.

येथपर्यंत ऐकून कोणाला वाटेल कीं, सगळेंच अनिश्चित असेल तर विचार तरी कशाचा करावयाचा? मंदीच्या शाखेंत मुद्दाम प्रवेश घ्यावा काय? तसेंहि नाहीं, तोहि एक जुगारच होईल. चार वर्षांनंतरचा भाव कोणालाच ठाऊक नसतो. परंतु कांहीं गोष्टी अशा आहेत कीं, त्या भावाप्रमाणें बदलत नाहींत, आणि शहाण्या माणसानें त्यांवर भर द्यावा.

पहिली गोष्ट कायद्यानें आवश्यक असलेल्या पदांची. कोळशाचा भाव चढो वा उतरो, चालूं खाणींत मायनिंग सरदार, ओव्हरमन व सर्व्हेयर असलेच पाहिजेत, आणि त्यांच्याजवळ धनबादच्या खाण-सुरक्षा महासंचालनालयाचें प्रमाणपत्र असलेंच पाहिजे. बॉयलर चालविणाऱ्यास परवाना लागतो. विजेच्या कामास वायरमनचा व पर्यवेक्षकाचा परवाना लागतो. अशा परवान्याची परीक्षा कठीण असते व अनुभवाची अट असते, म्हणूनच त्याला किंमत आहे. नुसती पदवी असलेल्यांची रांग लांब असते. पदविका, अनुभव व परवाना असलेल्यांची आंखूड असते.

दुसरी गोष्ट उमेदवारीची. १९६१ च्या कायद्यानें मोठ्या कारखान्यांवर शिकाऊ उमेदवार घेण्याचें बंधन आहे, आणि १९७३ पासून पदवीधर व पदविकाधारकहि त्या कायद्याखालीं आले. विद्यावेतन थोडें असतें, म्हणून पुष्कळ मुलें तें सोडून देतात. एका वर्षाच्या उमेदवारींत मुलगा यंत्राचा आवाज ऐकून बिघाड ओळखावयास शिकतो, पाळींत काम करावयास शिकतो आणि चार अनुभवी माणसांच्या ओळखीचा होतो. उमेदवारी म्हणजे नोकरीची हमी नव्हे, हें मुलाला आधींच सांगावें. परंतु पुढच्या मुलाखतींत त्या वर्षाचें मोल कळून येतें.

तिसरी गोष्ट, यंत्र व संगणक यांतील भिंत आतां राहिलेली नाहीं. खाणींतील डंपर कोठें आहे हें आज उपग्रहाच्या साह्यानें पडद्यावर दिसतें. वीजकेंद्राचा बॉयलर नियंत्रणकक्षांतील संगणकावरून सांभाळला जातो. सिमेंटच्या भट्टीचें तापमान उपकरणें आपोआप मोजतात व दुरुस्त करतात. अशा ठिकाणीं नुसता संगणक जाणणारा मुलगा यंत्राजवळ जावयास बिचकतो, आणि नुसता यंत्र जाणणारा पडद्यापुढें अडखळतो. दोन्ही येणारा माणूस अवघड मिळतो. यास्तव विद्युत्, यांत्रिकी किंवा उपकरणशास्त्र घेणाऱ्यानें आज्ञावली लिहिण्याइतका संगणक शिकावा, आणि संगणकशाखा घेणाऱ्यानें निदान एका उद्योगाचें काम आंतून पाहावें. अशा माणसाला एक बाजार बसला तर दुसरा उघडा राहतो. ज्याच्या शेतांत कापसाबरोबर तूरहि असते, तो एका भावानें बुडत नाहीं.

आतां जाहिरातींविषयीं दोन शब्द. प्रवेशाच्या दिवसांत संस्था मोठ्या अक्षरांत 'सर्वोच्च पगार' छापतात. समजा, एका वर्गांत साठ मुलें आहेत. दोघांना वर्षाला दहा लाखांची नोकरी मिळाली, अठ्ठावीस जणांना तीन लाखांची, आणि तिसांना कांहींच नाहीं. जाहिरातींत येईल, 'सर्वोच्च पगार दहा लाख, सरासरी साडेतीन लाख'. कारण सरासरी फक्त नोकरी लागलेल्यांची काढलेली असते. यांतील एकहि शब्द खोटा नाहीं, आणि तरीहि चित्र खोटें आहे. सर्व साठ मुलांना पगाराच्या क्रमानें उभें केलें तर एकतिसावा रिकाम्या हातानें उभा असतो. आपलें मूल वर्गांत मधोमध येणारें असेल, तर विचारावयाचा प्रश्न हाच: "मागच्या वर्षीं तुमच्या वर्गांतील मधल्या मुलाला काय मिळालें?" शक्य तर गेल्या दोन वर्षांत बाहेर पडलेल्या चार मुलांना स्वतः भेटून विचारावें. तीं मुलें खरें सांगतात.

शेवटची गोष्ट पैशाची, आणि खरा धोका येथेंच आहे. शिक्षणासाठीं घेतलेल्या बँकेच्या कर्जाचे हप्ते साधारणतः शिक्षणक्रम संपल्यावर एका वर्षानें सुरू होतात. बाजार तेजींत आहे कीं मंदींत, हें बँकेचें कॅलेंडर पाहत नाहीं. मूल तर दोनतीन वर्षें थांबूं शकतें, पुढें बाजार सुधारतो, त्याला काम मिळतें. परंतु तोंवर गहाण पडलेली बांधी सुटत नाहीं. माझ्या पाहण्यांतील एका कुटुंबाची दोन एकर धानाची जमीन अशीच गेली. मुलाला नोकरी लागली, पण अडीच वर्षें उशिरा. म्हणून कर्ज काढतांना तेजीच्या पगारावरून हिशेब करूं नये. पहिली नोकरी दोन वर्षें उशिरा लागली आणि पगार महिना पंधरा-वीस हजारच मिळाला, तर हप्ता कोण व कशांतून भरील, याचें उत्तर कागदावर लिहून पाहावें. उत्तर सांपडत नसेल तर खर्चाचा दुसरा मार्ग शोधावा. चंद्रपूरचें शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९९६ पासून आहे. शासकीय तंत्रनिकेतनें व आय. टी. आय. आहेत, पदविका करून, कांहीं काळ काम करून, मग पदवीच्या दुसऱ्या वर्षास प्रवेश घेण्याची वाटहि आहे. मुलींच्या बाबतींत तर २०२४-२५ पासून राज्य शासनानें, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या आर्थिक दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गांतील कुटुंबांसाठीं, केंद्रीय पद्धतीनें मिळालेल्या व्यावसायिक प्रवेशाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. असें असतांहि मुलाच्या शिक्षणासाठीं जमीन गहाण टाकणारे आणि मुलीला मात्र "इंजिनियर होऊन काय करणार" म्हणून घरीं बसविणारे लोक आहेत. हिशेबाच्या दृष्टीनेंहि हें वेडेपणाचें आहे.

बाजाराची लाट आपल्या हातांत नाहीं. तिचें उगमस्थान कधीं अमेरिकेंत असतें, कधीं दिल्लींत, तर कधीं एखाद्या डोंगराच्या पोटांत. आपल्या हातांत आहेत तीं इतकींच: कर्जाचें माप, शिक्षणाचा पाया, आणि योग्य वेळीं योग्य प्रश्न विचारण्याची संवय. मुलाला नोकरी मिळावयास वेळ लागला तर त्याच्या बुद्धीला दोष देण्यापूर्वीं, त्यानें कोणत्या सालीं पेरलें व कोणत्या सालीं पीक बाजारांत आणलें, हें आईबापांनीं एकदां आठवावें. दोन वर्षें रिकाम्या बसलेल्या तरुणाला घरांतील टोमण्यांनीं जितकी इजा होते, तितकी मंदीनें होत नाहीं. मंदी सरते, मनांत बसलेला कमीपणा लवकर सरत नाहीं. तेवढा तरी त्याच्या वांट्याला येऊं देऊं नये, अशी सर्व पालकांना माझी विनंती आहे.